मेंटुला स्त्रीलिंगी आहे

आमची भाषा व्हल्गर आहे, हा आरोप मला मान्य आहे. एकदम मान्य. फक्त आरोप करणाऱ्यानं त्या शब्दाचा अर्थ सांगावा. नाही येत सांगता? मग मी सांगतो. लॅटिनमध्ये 'वुल्गुस' म्हणजे लोक. बाजारातले, गल्लीतले, ओझी वाहणारे, भट्टीपुढं उभे राहणारे लोक. 'वुल्गारिस' म्हणजे त्या लोकांचं. संपलं. ह्यात घाण कुठंय? घाण मागाहून कालवली, आणि कालवणाऱ्यांचे हात स्वच्छ धुतलेले होते.

आपला 'अश्लील' तर त्याच्याही पुढचा. संस्कृतात त्याचं जुनं रूप 'अश्रीर'. म्हंजे ज्याच्यापाशी श्री नाही ते. श्री म्हणजे शोभा, श्री म्हणजे दौलत. ज्याच्या घरात श्री नाही त्याचं सगळं अश्लील! शब्द स्वतःच्या तोंडानं कबुली देतोय, आणि आपण त्याला नीतीचा शब्द समजून मान खाली घालतोय.

एका चर्चासत्रात एका प्राध्यापकानं मला ऐकवलं, 'शिवीला व्याकरण नसतं, म्हणून शिवीचं साहित्य होत नाही.' टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांना उत्तर म्हणून मी आज एक शब्द घेऊन बसलोय. मुद्दाम मराठीतला घेत नाही. मराठीतला घेतला की ह्या लोकांना शब्द दिसत नाही, बोलणाऱ्याची वस्ती दिसते. त्यांच्या मते जी जगातली अभिजात, संगमरवरी भाषा, तिच्यातलाच घेतो. शब्द आहे 'मेंटुला'. अर्थ काय, तर पुरुषाचं लिंग. पण 'लिंग' हा त्याचा सोवळं नेसलेला अर्थ झाला. खरा अर्थ लवडा. रोममध्ये भिंतीवर लिहायचा, भांडणात फेकायचा, पण सभेत उच्चारायचा नाही असा शब्द.

आता व्याकरण बघू.

मेंटुला स्त्रीलिंगी आहे.

नीट वाच दोस्ता. ज्या अवयवाच्या जोरावर रोमनं बापाला घरावर सत्ता दिली, त्याचा चालू बोलीतला शब्द स्त्रीलिंगी. शब्द आकारान्त आहे आणि लॅटिनमध्ये असे बहुतेक शब्द स्त्रीलिंगी असतात. पण बहुतेकच. 'आग्रिकोला' म्हणजे शेतकरी, 'नाउटा' म्हणजे खलाशी, 'पोएटा' म्हणजे कवी. हेही आकारान्त, पण पुल्लिंगी. कारण नांगर धरणारा पुरुष, वल्हं मारणारा पुरुष, कविता करणाराही पुरुषच धरलेला. म्हणजे आकारान्त शब्दाला पुरुष करायची सोय लॅटिनमध्ये होती. शेतकऱ्याला ती मिळाली, खलाशाला मिळाली. खुद्द पुरुषाच्या पुरुषपणाला मात्र मिळाली नाही.

आता उलटी बाजू. बाईच्या अवयवाचा रस्त्यावरचा लॅटिन शब्द 'कुन्नुस'. तो पुल्लिंगी! फ्रेंचमध्ये त्याचा 'कों' झाला, स्पॅनिशमध्ये 'कोन्यो'. दोन हजार वर्षं झाली, दोन्ही अजून पुल्लिंगीच. डॉक्टर लोकांचा 'वागीना' लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी होता, तर फ्रेंचांनी तो उचलून पुल्लिंगी करून टाकला. कुणाचं काही बिघडलं नाही. पोरं जन्माला येतच राहिली.

आपल्याकडं बघा. लवडा पुल्लिंगी, पुच्ची स्त्रीलिंगी, म्हणून वाटतं व्याकरण निसर्गानंच लिहिलंय. पण 'लिंग' हा शब्द? तो नपुंसकलिंगी. ते लिंग. आणि आई पोराला न्हाऊ घालताना त्याच अवयवाला काय म्हणते? नुन्नी. ती नुन्नी. एक अवयव, तीन शब्द, तीन लिंगं! सुरा मोठा, सुरी लहान. लोटा मोठा, लोटी लहान. लहानगं आणि लाडकं ते आपण स्त्रीलिंगी करतो. व्याकरणातलं लिंग अंगाला चिकटलेलं नसतं, शब्दाच्या शेपटाला चिकटलेलं असतं. आधीच्यांच्या जिभेवर ते बसलं, पुढच्यांनी पाठ केलं, आणि त्यांच्याही पुढच्यांनी ही सृष्टीचीच रचना आहे म्हणून सांगितलं. ही युक्ती आपल्याला दुसरीकडंही भेटलीय. नाव घ्यायची गरज नाही.

ह्या व्याकरणाचा उपयोग कसा करायचा हे कातुल्लुस नावाच्या कवीला ठाऊक होतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा पोरगा. ज्युलियस सीझरच्या सैन्यात मामुर्रा नावाचा बांधकाम-कारभारी होता. गॉल देशाच्या लुटीत गबर झालेला. रोममध्ये घराच्या भिंतींना संगमरवर मढवणारा पहिला माणूस हाच, असं प्लिनीनं नोंदवलंय. कातुल्लुसनं त्याचं नावच मेंटुला ठेवलं. 'मेंटुलाची इस्टेट', 'मेंटुलाची कुरणं' अशा कविता लिहिल्या. त्यातली एक बघण्यासारखी आहे. तिच्यात तो त्याच्या जमिनीची, तळ्यांची, जंगलांची यादी देतो आणि सांगतो, सगळं मोठं, पण हा स्वतः सगळ्यांत मोठा. इथपर्यंत विशेषण पुल्लिंगी. मग म्हणतो, हा माणूसच नव्हे, ही मेंटुला आहे, मोठी. आणि 'मोठी' म्हणताना विशेषण स्त्रीलिंगी! एका वाक्यात माणूस होता तो अवयव झाला आणि व्याकरणानं त्याची मिशी काढून घेतली. शिवीला व्याकरण नसतं म्हणे! प्राध्यापकसाहेब, ही शिवी व्याकरणाशिवाय झालीच नसती.

आता ह्या शब्दाचं मूळ. आपल्या पंडितांना मूळ फार प्रिय. शब्द भेटला की आधी गोत्र विचारायचं. मेंटुलाचं गोत्र विचारून विचारून पंडित थकले. एक पक्ष म्हणतो, 'मेंता' म्हणजे पुदिना, त्याचं लघुरूप. पण पुदिन्याच्या काडीचा आणि ह्याचा संबंध थट्टेपलीकडं जात नाही. दुसरा म्हणतो, 'मेंतुम' म्हणजे हनुवटी, पुढं आलेला भाग. पण मेंतुम नपुंसकलिंगी आहे आणि लॅटिनमध्ये लघुरूप साधारणपणे मूळ शब्दाचंच लिंग घेतं. मग 'मेंटुलुम' व्हायला हवं होतं. तिसरा म्हणतो, 'मेन्स' म्हणजे मन. लिंग जुळतं, पण त्या प्रकारच्या नामाचं लघुरूप असं होत नाही, 'कुला' लागून होतं. तीन बाप पुढं आले, तिघांचंही रक्त जुळलं नाही. मेंटुला बिनबापाचा शब्द आहे. आणि तरी तो शतकानुशतकं जिवंत राहिला. गोत्रावाचून कुणी मरत नाही, एवढं तरी हा शब्द शिकवतो.

मेंटुलाचा सोवळा भाऊ 'पेनिस'. त्याचं गोत्र मात्र पक्कं आहे. ग्रीकमध्ये त्याचा भाऊबंद 'पेओस', आणि संस्कृतात 'पसस्'. हा पसस् अथर्ववेदात आहे, अर्थ तोच. ज्यांना वाटतं की नागडे शब्द आमच्या गल्लीत जन्मले, त्यांनी आधी आपल्या घरातली पोथी उघडावी. पोथीत आहे तोवर पवित्र, आमच्या तोंडात आला की अश्लील!

आता खरी गंमत. इसवी सनापूर्वी ४५ च्या आसपास सिसेरोनं पेटुस नावाच्या मित्राला एक पत्र लिहिलं. सिसेरो म्हणजे रोमचा मोठा वक्ता, कॉन्सल होऊन गेलेला. पत्राचा विषयच घाण शब्द. स्टोइक पंथाचे लोक म्हणत, लाज वस्तूतही नाही आणि शब्दातही नाही, तेव्हा शहाण्यानं प्रत्येक गोष्टीला तिच्या नावानं हाक मारावी. सिसेरो ते मुद्दे झकास मांडतो. मग म्हणतो, मी मात्र मर्यादा पाळणार. अख्ख्या पत्रात तो 'मेंटुला' लिहीत नाही. पुदिन्याच्या लघुरूपाची गोष्ट काढतो आणि डोळा मारतो. तोच सांगतो की 'पेनिस' म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत नुसतं शेपूट. सभ्य शब्द. सभ्य म्हणूनच अवयवाला वापरला, आणि वापरून वापरून तोही घाण झाला. तोच सांगतो की 'आनुस' हे खरं नावच नव्हे, ते दुसऱ्याकडून उसनं आणलेलं. मूळ अर्थ कडं, वळं. आणि तोच सांगतो की 'आमच्याबरोबर' म्हणताना रोमन माणूस 'कुम नोबीस' म्हणत नाही, उलटवून 'नोबिस्कुम' म्हणतो. का? तर 'कुम' आणि 'नो' शेजारी आले की 'कुन्नो' ऐकू येतं! बाईच्या अवयवाच्या भीतीनं शब्दांची जागा बदलली, असं रोमचा सगळ्यात मोठा वक्ता सांगतो. सिनेटमध्ये एक कॉन्सल होऊन गेलेला माणूस भाषणात 'इल्लाम दिकाम' असं दोन साधे शब्द बोलला, तर जोडून त्यात 'लांडिकाम' वाजलं, हेही सिसेरो टिपून ठेवतो. लांडिका म्हणजे बाईची शिश्निका. तो शब्द इतका बाटलेला की आवाजाच्या सावलीनंही विटाळ व्हावा! सावलीचा विटाळ. ऐकलेलं वाटतंय ना?

ह्या शेपटाची पुढची गोष्ट ऐका. पेनिसचं लघुरूप 'पेनिकिल्लुस', बारीक शेपटासारखा कुंचला. त्यावरून पेन्सिल. त्या कुंचल्यासारखी दिसते म्हणून एका बुरशीला पेनिसिलियम नाव मिळालं, आणि तिच्यात १९२८ साली फ्लेमिंगला सापडलेलं औषध पेनिसिलिन. शाळेतल्या पोरीच्या हातात तोच शब्द, सुईतून दंडात जातो तोही तोच शब्द. आणि खुद्द पेनिस, जो सिसेरोच्या काळी घाण झाला होता, तो आज कुठं बसलाय? डॉक्टरच्या टेबलावर. पांढरा कोट घालून. तेव्हाचा घाण आजचा शास्त्रीय. अक्षर एक बदललं नाही, अवयव बदलला नाही. बदललं काय? बोलणारा बदलला. खानावळीतला माणूस बोलत होता तेव्हा घाण, पदवीवाला बोलला तेव्हा शुद्ध. शुद्धता शब्दात नसते. ती दिलेली पायरी असते. कुणीतरी वर बसून देतं आणि वाटेल तेव्हा काढून घेतं.

पुरावा पाहिजे? रोममधलाच देतो. इसवी सनापूर्वी ४१–४० मध्ये इटलीतल्या पेरुसिया गावाला वेढा पडला होता. एका बाजूला ऑक्टेव्हियन, पुढं जो ऑगस्टस म्हणून सम्राट झाला. दुसऱ्या बाजूला अँटनीचा भाऊ लुकिउस आणि अँटनीची बायको फुल्व्हिया. गोफणीतून फेकायच्या शिशाच्या गोळ्या तिथं जमिनीत सापडल्यात आणि त्यांवर सैनिकांनी मजकूर ओतलाय. एकीवर फुल्व्हियाच्या लांडिकावर नेम, दुसरीवर ऑक्टेव्हियनच्या ढुंगणावर नेम. ही झाली शिपायांची भाषा, म्हणून घाण. पण त्याच लढाईवर खुद्द ऑक्टेव्हियननं फुल्व्हियाबद्दल एक कविता केली, ती मार्शिआलिस ह्या कवीनं आपल्या अकराव्या पुस्तकात जपून ठेवलीय. तिच्यात हा भावी सम्राट सांगतो की ही बाई म्हणते माझ्याबरोबर झोप नाहीतर लढ, पण मला माझी मेंटुला जिवापेक्षा प्यारी, तेव्हा वाजवा रणशिंग! अगदी हाच शब्द. मेंटुला. आणि मार्शिआलिस ह्या भाषेला काय म्हणतो? रोमन साधेपणा! सम्राट बोलला की साधेपणा, शिपाई बोलला की घाण.

बरं, ह्याच ऑगस्टसनं इसवी सनापूर्वी १८ मध्ये व्यभिचाराविरुद्ध कायदा केला. लोकांना नीती शिकवली. इ.स. ८ मध्ये ओव्हिड नावाच्या कवीला काळ्या समुद्राच्या काठावर तोमिस गावी हद्दपार केलं. त्याचं एक कारण होतं प्रेमाची कला शिकवणारं त्याचं पुस्तक. त्या पुस्तकात मेंटुला शब्द शोधून दाखवा. नाही. एकही नागडा शब्द नाही. ज्यानं शब्द लिहिला तो सिंहासनावर, ज्यानं नाही लिहिला तो हद्दपार. म्हणजे भांडण शब्दाशी कधी नव्हतंच!

मग कशाशी होतं? थोरला सेनेका एक गोष्ट सांगतो. ऑगस्टसच्याच काळात हातेरिउस नावाचा वकील एका मुक्त झालेल्या गुलामाची बाजू मांडत होता. आरोप असा की तो आपल्या जुन्या मालकाच्या अंथरुणावर जातो. वकील म्हणाला, अब्रू जाणं हा स्वतंत्र माणसाच्या बाबतीत गुन्हा, गुलामाच्या बाबतीत गरज, आणि मुक्त केलेल्याच्या बाबतीत कर्तव्य. ह्यावर रोम हसलं. वाक्य फार बोजड वाटलं म्हणून हसलं, 'कर्तव्य' ह्या शब्दावर विनोद केले. माणसाच्या अंगावर मालकाचा हक्क आहे, ह्यावर कुणी हसलं नाही, कुणी रडलंही नाही.

इथं थांब दोस्ता, आणि हे वाक्य पुन्हा वाच. गुलामाच्या बाबतीत गरज. म्हणजे गुलामाला लाज नाही. लाज ही मालमत्ता आहे, घरासारखी, शेतासारखी, आणि ती स्वतंत्र माणसाच्याच नावावर चढते. गुलाम पोरीला बाजारात चौथऱ्यावर उभं करून विकायचं, पोराला मेजवानीत दारू ओतायला ठेवून रात्री खोलीत न्यायचं, ह्यातलं काहीच अश्लील नाही. अश्लील काय? तर 'मेंटुला' हा शब्द मोठ्यानं बोलणं. ज्या अवयवानं गुलामावर रोज अत्याचार होत होता त्याचं नाव घ्यायला बंदी, अत्याचाराला मुभा. कृतीवर पांघरूण घालायला शब्दावर बंदी लागते. मी इतके दिवस ह्या शब्दामागं फिरलो ते एवढ्याचसाठी.

ह्या लाजेनं पुढं शरीरशास्त्रातच घर केलं. 'पुडेंडा' हा लॅटिन शब्द डॉक्टर लोक शतकानुशतकं वापरत आले. अर्थ ऐका : ज्यांची लाज वाटलीच पाहिजे असे भाग. हा शास्त्राचा शब्द! शरीररचनेच्या नावांची जी जागतिक अधिकृत यादी आहे, तिच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून बाईच्या अंगाला लावलेला 'पुडेंडुम' अखेर काढला. पण त्या भागाकडं जाणारी नस अजून 'पुडेंडल' म्हणूनच ओळखली जाते. लाज काढली, लाजेची वायर तशीच ठेवली. आणि 'वागीना' म्हणजे काय? तलवारीचं म्यान. बाईच्या अंगाला स्वतःचा अर्थच नाही, दुसऱ्याचं हत्यार ठेवायची जागा म्हणून नाव! ह्याला म्हणायचं सभ्य शब्द. आणि कुन्नुस, ज्याच्यात तलवार नाही, म्यान नाही, लाज नाही, तो घाण.

पंडितांनी पुढं काय केलं तेही सांगतो. १९१९–२० साली इंग्लंडात मार्शिआलिसचे दोन खंड लोएब मालेत निघाले. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर इंग्रजी. पण घाण कविता आली की उजव्या पानावर इंग्रजी गायब, तिथं इटालियन! इंग्रज कारकुनाला, कामगाराला, बायकांना कळू नये म्हणून. साहेबाला चालेल, तो इटली फिरून आलेला. त्याच मालेत इंग्रजी भाषांतर सरळ छापायला पुढं कित्येक दशकं गेली. इंग्रजीच्या सगळ्यात मोठ्या कोशानं, ऑक्सफर्डच्या, स्वतःच्या भाषेतला बाईच्या अवयवाचा शब्द पहिल्या आवृत्तीत घेतलाच नाही. तो शिरला पुरवणीत, १९७२ साली. आणि १९७२ मध्येच मुंबईत 'गोलपिठा' छापून आला. ऑक्सफर्डच्या कोशकारांना आणि कामाठीपुऱ्याच्या कवीला एकाच साली कंठ फुटला, हा योगायोग मला फार आवडतो. रोमन शब्दांचं ह्या बाबतीतलं अख्खं पुस्तक जे. एन. ॲडम्स ह्या विद्वानानं १९८२ साली लिहिलं आणि जग बुडालं नाही.

आणि त्या इटालियन पानातली मोठी थट्टा पंडितांना उमगलीच नाही. ज्या भाषेच्या आड त्यांनी शब्द लपवला, त्या देशातच तो शब्द जिवंत होता! मेंटुला रस्त्यावर बोलता बोलता 'मेंटला' झाला, 'मेंक्ला' झाला आणि दक्षिण इटलीत, सिसिलीत 'मिंक्या' होऊन बसला. आजही सिसिलीचा माणूस आश्चर्य वाटलं की 'मिंक्या!' म्हणतो, राग आला तरी 'मिंक्या!' म्हणतो. आणि हो, अजून स्त्रीलिंगीच.

हा बदल चुकून झालेला नाही, नियमानं झालाय. 'प्रोबसची पुरवणी' म्हणून लॅटिनची एक जुनी यादी आहे. २२७ नोंदी. कुण्या मास्तरानं लोकांचे उच्चार सुधारायला केलेली. 'वेतुलुस' म्हणा, 'वेक्लुस' नको. 'ओकुलुस' म्हणा, 'ओक्लुस' नको. 'आउरिस' म्हणा, 'ओरिक्ला' नको. म्हातारा, डोळा, कान. काय झालं पुढं? मास्तरांचा वेतुलुस मेला, लोकांच्या वेक्लुसचा इटालियन 'वेक्क्यो' झाला. ओक्लुसचा 'ओक्क्यो', ओरिक्लाचा 'ओरेक्क्यो'. ज्या रुळावरून म्हातारा गेला त्याच रुळावरून मेंटुला गेला. चुकीची म्हणून जी यादी केली तीच पुढं एका देशाची भाषा झाली. शुद्धलेखनाच्या लाल पेनवाल्यांनो, ही यादी फ्रेम करून लावा. पुढच्या पिढ्यांची भाषा कुणाच्या तोंडात वाढतेय ते रोज दिसेल.

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द बोलतो, कारण आपल्यातले काही दोस्त इथपर्यंत वाचून मिशीला पीळ देत असतील. शिवी म्हंजे विद्रोह, चला द्या शिव्या! थांबा. पेरुसियाच्या गोळ्या आठवा. मालकाविरुद्ध, सेनापतीविरुद्ध ओतलेल्या शब्दांबरोबर एका बाईच्या अंगावर नेम धरलेला शब्दही तिथं होता. लांडिका. नुसतं नाव होतं ते, अंगाच्या एका भागाचं. शिपायानं त्याची गोळी केली, सिसेरोनं त्याचा विटाळ केला. दोघांनी मिळून बाईच्या तोंडातून तिच्याच अंगाचं नाव काढून घेतलं. तू चहाच्या टपरीवर आई-बहिणीवरून जी देतोस, ती हीच गोळी आहे. ती प्रस्थापिताला लागत नाही. ती तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीला लागते, जी मोर्च्यात तुझ्याबरोबर घोषणा देते. नागडा शब्द नाव म्हणून वापर, मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. हत्यार म्हणून बाईवर उगारलास तर तू ऑक्टेव्हियनच्या छावणीतला.

आणि हा सगळा खटाटोप रोमच्या मढ्यासाठी नाही. आपल्याकडं म्हण आहे, अवघड जागेचं दुखणं नि जावई डॉक्टर. आपण हसतो. पण जागा अवघड कुणी केली? सरकारी दवाखान्याच्या लायनीत उभी राहिलेली बाई डॉक्टरला सांगते 'खाली दुखतंय'. खाली म्हणजे कुठं? पोट, मांडी, गर्भपिशवी, लघवीची जागा? तिच्याकडं दोनच शब्द. एक शिवी, जी ती उच्चारू शकत नाही. दुसरा संस्कृत, जो ती कधी शिकली नाही. दोन शब्दांच्या फटीत तिचा आजार वाढतो.

आणखी पुढं जा. २०१२ चा पॉक्सो कायदा, लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा. त्याच्या कलम ३ च्या इंग्रजी मसुद्यात पेनिस आहे, वागीना आहे, आनुस आहे. शेपूट, म्यान, कडं! २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तेच. सिसेरोच्या पत्रातले शब्द आपल्या कोर्टात उभे आहेत. पण त्याच पॉक्सोचं कलम २६ सांगतं की मुलाचा जबाब मूल जसं बोलेल तसा लिहून घ्या. मूल जसं बोलेल तसा! कायद्यानं स्टोइकांची बाजू घेतली. आता सांगा, सहा वर्षांची पोर काय बोलेल? तिला आपण डोळा, कान, नाक, गुडघा शिकवला. मधला भाग गाळला. विचारलं तर 'शी!' म्हणालो. तिच्यापाशी ज्या जागेला नावच नाही, त्या जागेवर झालेला गुन्हा ती सांगणार कशी? तिनं 'वाईट काम केलं' म्हटलं की जबाबात तेवढंच येणार, आणि समोरचा वकील विचारणार, वाईट म्हणजे नक्की काय? ह्या 'शी'ची किंमत ती पोर भरते. अत्याचार करणाऱ्याला ह्या सभ्यतेइतका फुकटचा वकील दुसरा नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मला शिव्यांचा महोत्सव नको. मला नावं पाहिजेत. प्रत्येक अवयवाला, प्रत्येक पोरा-पोरीच्या तोंडात, लाज न लावलेलं मराठी नाव. शिश्न म्हणा, नुन्नी म्हणा, तुमच्या वस्तीत जे चालतं ते म्हणा. पण डोळा म्हणता त्याच आवाजात म्हणा. शब्दाला बाटवून कृतीला सोवळ्यात ठेवायचा धंदा दोन हजार वर्षं चालला. ज्यांनी तो चालवला त्यांची भाषा आज पुस्तकात पडून आहे. मेंटुलाला बाप नव्हता, मान नव्हता, कोशात धड जागा नव्हती. तरी सिसिलीच्या बाजारात मासे विकणारा तिला रोज हाक मारतो.

आणि त्या प्राध्यापकसाहेबांना एवढंच कळवा की शिवीला व्याकरण असतं. पाहिजे तर परीक्षा घ्या. पहिला प्रश्न : मेंटुला, लिंग ओळखा.